कोपर निखळतं आणि हाडही मोडतं तेव्हा

ऑपरेशन होऊन दोन-चार दिवस झालेला पेशंट माझ्याकडे येतो, तेव्हा त्याच्याआधी सोबतचे काकाच बोलतात. "हाड मोडलं होतं ना जी, मग प्लास्टर काहून नाही लावलं?" प्रश्नात शंका असते, थोडा रागही असतो. एवढे पैसे भरले आणि हात मोकळाच ठेवला, वर ही बाई तो हलवायला सांगून राहिली! काकांचं काही चुकत नाही. त्यांच्या तरुणपणी याच दुखापतीला महिना-दीड महिना प्लास्टर असायचं, आणि तेव्हाच्या समजुतीप्रमाणे ते योग्यच होतं.

आता सगळं उलटलंय. कोपर निखळलं आणि सोबत हाडही मोडलं, तर नुसतं हाड जुळवून सर्जनचं भागत नाही. सांधा इतका पक्का करावा लागतो की थोड्याच दिवसांत तो न घाबरता हलवता यावा. हा बदल व्हायला जवळपास अख्खं विसावं शतक गेलं. मी फिजिओथेरपिस्ट आहे, सर्जन नाही. पण ऑपरेशन थिएटरमध्ये घेतलेल्या निर्णयांचे फायदे-तोटे पुढचे कित्येक महिने माझ्याच टेबलावर दिसतात. त्यामुळे ही गोष्ट मला माझ्या बाजूनं सांगता येते.

नागपुरात या दुखापतीचे दोन हंगाम आहेत. एक संक्रांतीच्या आगेमागे, पतंगाच्या नादात गच्चीवरून किंवा जिन्यावरून पडणाऱ्यांचा. दुसरा जूनमधला, पहिल्या सरीनंतर सिमेंट रोडवर गाडी घसरून हातावर आपटणाऱ्यांचा. वर्षभर रिंग रोड आणि वर्धा रोड आहेतच, आणि काटोल-नरखेडच्या पट्ट्यातून संत्रा तोडताना शिडीवरून पडलेले.

आधी कोपर समजून घेऊ, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. दंडाचं हाड, ह्यूमरस, वरून येतं. खालून दोन हाडं येतात: करंगळीच्या बाजूला अल्ना आणि अंगठ्याच्या बाजूला रेडियस. अल्नाचं वरचं टोक गॅरेजमधल्या ओपन पान्यासारखं असतं. त्याचा मागचा मोठा ओठ म्हणजे टेबलावर टेकतो तो कोपराचा टोकदार भाग, ओलेक्रेनॉन. पुढचा छोटा ओठ म्हणजे कोरोनॉइड. या दोन ओठांमध्ये ह्यूमरसचं गोल टोक अडकून बसतं. पुढचा ओठ तुटला की पाना मागे सटकतो, आणि कोपर बहुतेक वेळा मागेच निखळतं. रेडियसच्या वरच्या टोकाला एक गोल चकती असते, रेडियल हेड. तळहात वर-खाली फिरवताना ती जागच्या जागी फिरते, आणि बाहेरच्या बाजूनं ह्यूमरसला टेकून आधारही देते. हात सरळ करून त्यावर भार टाकला, तर कोपरातून जाणाऱ्या भारापैकी साधारण ६० टक्के या चकतीवरून जातो. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

हाडांना धरून ठेवायला दोन्ही बाजूंना लिगामेंट आहेत, एक आतलं आणि एक बाहेरचं. आणि या सगळ्याभोवती सांध्याची पातळ पिशवी.

मोठ्या माणसांमध्ये मोठे सांधे निखळण्यात खांद्याचा पहिला नंबर आणि कोपराचा दुसरा. नुसतं निखळलं आणि हाड शाबूत असेल, तर फार घाबरायचं कारण नसतं. भूल देऊन किंवा गुंगीत कोपर जागेवर बसवतात, आठवडा-दोन आठवडे स्लॅब (म्हणजे एकाच बाजूचं अर्धं प्लास्टर) किंवा झोळी देतात आणि मग व्यायाम. बहुतेकांचा हात चांगला होतो. खरी गडबड निखळणं आणि मोडणं एकत्र आलं की सुरू होते. लिगामेंट तर फाटलेलीच असतात, त्यात हाडाचा आधारही गेला म्हणजे सांध्याला धरायला काहीच उरत नाही.

यातला सगळ्यात बदनाम प्रकार म्हणजे कोपर मागे निखळणं, रेडियल हेड मोडणं आणि कोरोनॉइड मोडणं, तिन्ही एकाच वेळी. १९९६ साली रॉबर्ट हॉचकिस या अमेरिकन सर्जननं याला 'टेरिबल ट्रायड' म्हटलं, म्हणजे भयंकर त्रिकूट. डॉक्टर लोक सहसा इतकी भडक नावं ठेवत नाहीत. हे नाव पडलं कारण निकाल खरोखरच भयंकर यायचे.

तिथपर्यंतचा रस्ता लांब आहे. निखळणं वेगळं आणि मोडणं वेगळं, हे ज्ञान फार जुनं. सुश्रुतसंहितेत संधिमुक्त म्हणजे सांधा सुटण्याचे ६ आणि कांडभग्न म्हणजे हाड मोडण्याचे १२ प्रकार सांगितलेत. ग्रीक वैद्यांच्या हिप्पोक्रेटिक ग्रंथांतही निखळलेलं कोपर बसवण्याच्या रीती आहेत. १८१४ साली मिलानच्या जिओव्हान्नी मोंतेज्जिया यांनी अल्ना मोडते आणि सोबत रेडियसची वरची चकती निखळते अशा दुखापतीचं वर्णन केलं. एक्स-रे यायला तेव्हा अजून ८१ वर्षं होती! केवळ हातानं चाचपून आणि पेशंटवर लक्ष ठेवून त्यांनी ते ओळखलं. आजही एक्स-रे समोर असताना ही दुखापत निसटते, कारण अल्नाचं मोडलेलं हाड ठळक दिसतं आणि नजर तिथेच थांबते. उरुग्वेच्या होसे लुइस बादो यांनी १९६७ मध्ये तिचे चार प्रकार पाडले आणि ते अजून वापरात आहेत.

१८५० च्या दशकात प्लास्टर ऑफ पॅरिसची पट्टी आली आणि शंभर वर्षं हाडांच्या उपचारावर तिचंच राज्य होतं. पायाच्या नळीला ते मानवलं. कोपराला नाही. कोपरातली हाडं एकमेकांत फार घट्ट बसलेली असतात, आणि पुढच्या बाजूला ब्रॅकियालिस नावाचा स्नायू थेट सांध्याच्या पिशवीवर पसरलेला असतो. मार लागला की पिशवी जाड होते, स्नायूत रक्त साकळतं, आणि त्यात हात काटकोनात बांधून ठेवला की तो तिथेच आखडतो. मग डॉक्टरांपुढे पेच असायचा. प्लास्टर लवकर काढावं तर मोडकं कोपर पुन्हा निखळणार. ठेवावं तर हात आखडणार. कित्येकदा दोन्ही व्हायचं: प्लास्टरच्या आतच कोपर सरकलेलं असायचं आणि ते काढल्यावर कळायचं.

चकती काढून टाकण्याचा काळ

मोडक्या रेडियल हेडचं काय करायचं यावर विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सर्जन लोकांचं जवळपास एकमत होतं: तुकडे झाले असतील तर काढून टाका. १९५४ साली मेसन या ब्रिटिश सर्जननं शंभर पेशंटचा आढावा घेतला आणि या फ्रॅक्चरचे तीन प्रकार पाडले: न सरकलेलं, सरकलेलं आणि चुरा झालेलं. आज प्रत्येक ऑर्थोपेडिक विद्यार्थी हे प्रकार पाठ करतो. मनात शंका असेल तर काढून टाका, हा त्याच्या नावावर सांगितला जाणारा सल्ला तर पुढे कित्येक वर्षं थिएटरमध्ये म्हणीसारखा चालला.

सल्ला अगदीच वेडा नव्हता. लिगामेंट शाबूत असलेल्या माणसाची चकती काढली तर तो वर्षानुवर्षं मजेत राहू शकतो; असे पेशंट आजही भेटतात. पण निखळलेल्या कोपराची चकती काढली तर? आतलं लिगामेंट फाटलेलं, बाहेरचं फाटलेलं, पुढचा ओठ तुटलेला, आणि उरलेला एकमेव टेकू आपणच काढून फेकला. ते ६० टक्के वजन आता कोण घेणार? कोपर पुन्हा निखळायचं. नाही निखळलं तर रेडियस हळूहळू वर सरकायचा आणि काही महिन्यांनी मनगट दुखायला लागायचं. १९५१ मध्येच एसेक्स-लोप्रेस्टी या ब्रिटिश सर्जननं दाखवून दिलं होतं की काही वेळा मार कोपराला लागतो पण दोन्ही हाडांमधला पडदा मनगटापर्यंत फाटत जातो. अशा हातात चकती काढणं म्हणजे दुखणं कोपरातून मनगटात नेऊन सोडणं.

मग चकतीच्या जागी काहीतरी बसवावं असं वाटू लागलं. १९४१ मध्ये धातूची टोपी बसवून पाहिली होती. १९६० च्या दशकाच्या शेवटापासून सिलिकॉनची चकती आली आणि जोरात चालली. मऊ, बसवायला सोपी. पण ज्या कामासाठी हवी होती तेच तिला झेपेना. भार आला की ती दबायची, झिजायची, फुटायची, आणि तिचे कण सांध्यात पसरून आतलं अस्तर सुजायचं. १९९० च्या दशकात सर्जन पुन्हा धातूकडे वळले, आणि या वेळी धातू टिकला. आज टेरिबल ट्रायडमध्ये चकतीचा चुरा झाला असेल तर धातूची चकती हाच नेहमीचा मार्ग आहे.

मूळ चकती वाचवण्याचा प्रयत्नही सोबत चालूच होता. ऑस्ट्रेलियाच्या टिमोथी हर्बर्टनं मनगटातल्या छोट्या हाडासाठी एक स्क्रू बनवला होता, ज्याला वर डोकंच नव्हतं. पूर्ण हाडात बुडायचा, सांध्यात घासायचा नाही. १९८४ मध्ये त्याचे निकाल छापून आले आणि लवकरच तसे स्क्रू कोपरातही वापरले जाऊ लागले. प्लेट लावायची असेल तर जागा फार मोजकी मिळते. चकती अल्नाच्या खाचेत फिरते, त्यामुळे तिच्या परिघाचा एक तृतीयांशाहून थोडा कमी भागच असा असतो जो कुठेच घासत नाही. प्लेट तिथेच बसायला हवी. जरा इकडेतिकडे झाली की तळहात फिरता फिरता अडतो.

चकतीचे किती तुकडे झालेत, यावर खूप काही ठरतं. बोस्टनच्या डेव्हिड रिंग आणि जेसी ज्युपिटर यांच्या गटानं २००२ मध्ये दाखवलं की तीनपेक्षा जास्त तुकडे असतील तर स्क्रू-प्लेटनं जोडलेली चकती बऱ्याचदा दगा देते. म्हणून आज सर्जन तुकडे मोजतात. एखादा तरुण पेशंट असेल तर काही जण सगळे तुकडे बाहेर काढतात, बाजूच्या निर्जंतुक टेबलावर एक-एक जुळवून चकती उभी करतात आणि मग ती पुन्हा जागेवर बसवतात. शब्दशः जिगसॉ. जमलं तर छान, पण त्या तुकड्यांना रक्तपुरवठा उरलेला नसतो, म्हणून अशा चकतीचा पूर्ण भरवसा धरता येत नाही.

लक्ष हाडांवरून सांध्याकडे

चकतीची ही सगळी खटपट चालू असताना मूळ प्रश्न वेगळाच असल्याचं काही लोकांच्या लक्षात येत होतं. कोपर कशामुळे जागेवर राहतं? यावरचं बरंच काम अमेरिकेत रोचेस्टरच्या मेयो क्लिनिकमध्ये झालं. (आपल्या नागपूरच्या मेयोशी त्याचा काही संबंध नाही. आपलं मेयो व्हाइसरॉय लॉर्ड मेयोच्या नावावरून, आता इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. 'हे संशोधन मेयोत झालं' म्हटलं की आमचे पेशंट अभिमानानं मान डोलावतात, म्हणून सांगून टाकलं.)

तिथल्या बर्नार्ड मॉरी आणि सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये एक साधी पण फार उपयोगी गोष्ट मोजली: रोजची कामं करायला कोपर किती हलावं लागतं? उत्तर आलं: वाकणं ३० ते १३० अंश, आणि तळहात दोन्ही बाजूंना ५०-५० अंश फिरणं. म्हणजे पूर्ण सरळ नाही झालं तरी चालतं, पूर्ण वाकलं नाही तरी काम भागतं. २०११ च्या एका अभ्यासात दिसलं की मोबाइल कानाला लावायला १३० च्याही पुढे जावं लागतं. आपल्याकडे माझी स्वतःची यादी थोडी वेगळी आहे. घास तोंडापर्यंत जातो का, वेणी घालता येते का, देवळात तीर्थ घ्यायला तळहात आकाशाकडे वळतो का, आणि डावा हात असेल तर शौचानंतर धुता येतं का. हा शेवटचा प्रश्न पेशंट स्वतः कधी विचारत नाही. मला विचारावा लागतो.

१९८९ मध्ये रीगन आणि मॉरी यांनी कोरोनॉइडच्या फ्रॅक्चरचे तीन प्रकार केले: नुसतं टोक, निम्म्यापर्यंत, निम्म्याहून जास्त. त्या छोट्या ओठाकडे तोवर कुणी फारसं पाहत नव्हतं. १९९१ मध्ये शॉन ओ'ड्रिस्कॉल यांनी दाखवलं की बाहेरचं लिगामेंट सैल राहिलं तर कोपर एका विशिष्ट पिळानं सरकत राहतं. माणूस टेकलेल्या हातावरून वळत पडतो, तेव्हा आधी बाहेरचं लिगामेंट फाटतं, मग पिशवी, आणि सगळ्यात शेवटी आतलं, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढे २०१३ मध्ये काही अमेरिकन सर्जननी यूट्यूबवर लोकांनी टाकलेले कोपर निखळतानाचे व्हिडिओ गोळा करून थांबवत-थांबवत पाहिले, तेव्हा बऱ्याच जणांचं कोपर आतल्या बाजूनं आधी उघडताना दिसलं. म्हणजे क्रमाचा वाद अजून मिटलेला नाही. पण ऑपरेशनच्या वेळी बाहेरचं लिगामेंट ह्यूमरसवरून जवळजवळ नेहमीच उपटलेलं सापडतं, आणि ते पुन्हा शिवायलाच हवं, यावर वाद नाही.

आणि मग दोन शोधनिबंध आले. माझ्या मते या सगळ्या गोष्टीचा सांधा तिथे बदलला.

पहिला २००२ चा, पुन्हा रिंग-ज्युपिटर यांचाच. टेरिबल ट्रायडचे फक्त ११ पेशंट. त्यातल्या ७ जणांचं कोपर बसवून स्लॅब लावल्यावर स्लॅबमध्येच पुन्हा निखळलं. ऑपरेशननंतरही ५ जणांचं निखळलं, आणि ज्या चौघांची चकती काढून टाकली होती ते चौघेही या पाचांत होते. चारपैकी चार! संख्या छोटी आहे, पण मेसनच्या काळापासून चालत आलेला सल्ला या दुखापतीत तरी यानं मोडीत काढला.

दुसरा २००४ चा, कॅनडातून. तिथल्या गटानं ३६ पेशंटवर एकच ठरलेली पद्धत वापरली. क्रम आतून बाहेर. सगळ्यात खोल असतो कोरोनॉइड, आणि मोडकी चकती बाजूला केली की त्या खिडकीतून तो दिसतो; म्हणून आधी तो स्क्रूनं किंवा हाडातून दोरा ओवून बसवायचा. मग चकती जोडायची किंवा धातूची घालायची. काढून रिकामं सोडायचं नाही. मग बाहेरचं लिगामेंट हाडाला शिवायचं. एवढं झाल्यावर टेबलावरच कोपर वाकवून-सरळ करून सी-आर्मवर, म्हणजे थिएटरमधल्या एक्स-रे यंत्रावर, बघायचं. तरीही सरकत असेल तरच आतलं लिगामेंट शिवायचं, किंवा बाहेरून बिजागरीचा फिक्सेटर, म्हणजे हाडांत पिना घालून कातडीबाहेर धरलेली चौकट, लावायचा. सरासरी ३४ महिन्यांनी ३६ पैकी ३४ कोपरं जागेवर होती आणि वाकण्या-सरळ होण्याची सरासरी ११२ अंश आली. आठ जणांना पुन्हा ऑपरेशन लागलं, हेही त्यांनी लपवलं नाही. तरी 'भयंकर' म्हटल्या गेलेल्या दुखापतीसाठी हा निकाल फारच चांगला होता. आज नागपुरात धंतोली-रामदासपेठेतल्या एखाद्या खासगी दवाखान्यात किंवा मेडिकलमध्ये, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, हे ऑपरेशन होतं, तेव्हा क्रम जवळजवळ हाच असतो.

या ऑपरेशनमधली एक बारीक गोष्ट मला फार आवडते. बाहेरच्या बाजूनं काम करताना सर्जन पेशंटचा तळहात जमिनीकडे वळवून धरायला लावतात. बोटं आणि अंगठा वर उचलणारी नस रेडियसच्या मानेला वळसा घालून जाते. तळहात असा वळवला की ती सुरीपासून लांब सरकते. हात वळवून धरणारा असिस्टंट जरा ढिला पडला तर ती नस धोक्यात येते.

बाकीचे प्रकार थोडक्यात. ओलेक्रेनॉनमधूनच हाड फुटून हात पुढे निखळतो तेव्हा एक्स-रे भीतीदायक दिसतो, पण लिगामेंट बहुधा वाचलेली असतात. अल्ना प्लेटनं नीट उभी केली की काम बरंचसं होतं. याच्या अगदी उलट प्रकार म्हणजे कोरोनॉइडच्या आतल्या-पुढच्या कोपऱ्याचा छोटा तुकडा. ओ'ड्रिस्कॉल यांनी २००३ मध्ये याकडे लक्ष वेधलं. एक्स-रेत टिकलीएवढा तुकडा दिसतो, चकती शाबूत असते, कधीकधी कोपर पूर्ण निखळलेलंही नसतं, आणि 'मामुली आहे' म्हणून पेशंट घरी जातो. मग प्रत्येक हालचालीत सांधा तिरका घासत राहतो आणि काही वर्षांत सांधेदुखी घर करते. म्हणूनच निखळलेलं कोपर बसवल्यावर सीटी स्कॅन का, असा प्रश्न पडला तर पैसे वाचवायची ही जागा नाही एवढं लक्षात ठेवा. लहान मुलांच्या कोपराचं गणित पूर्ण वेगळं आहे, ते इथे घेत नाही.

हलवायचं कसं

आता काकांच्या प्रश्नाचं माझ्या हातातलं उत्तर. सांधा पक्का झाला म्हणजे कसाही हलवा असं नाही. उभं राहून हात खाली सोडला, तर हाताचं स्वतःचं वजन सांध्याला उघडत असतं. म्हणून मी पेशंटला उताणं झोपवते. दंड सरळ छताकडे, खांदा गादीवरून न उचलता. आता कोपराखालचा हात दंडाच्या वर उभा आहे आणि त्याचं वजन सांध्याला दाबून बसवतंय. या स्थितीत हळूहळू वाकवायचं, हात कपाळाकडे येतो. मग स्वतःच्या ताकदीनं पुन्हा छताकडे. मी हात लावत नाही, फक्त मनगटाला आधार देते. स्नायू चालले की तेही सांध्याला जवळ ओढतात, त्यामुळे पेशंटनं स्वतः हलवणं हे मी हलवण्यापेक्षा जास्त सुरक्षित असतं. बाहेरचं लिगामेंट शिवलं असेल तर तळहात पायांकडे, म्हणजे पालथा ठेवून. दोन्ही शिवली असतील तर अंगठा चेहऱ्याकडे.

आणि एक हालचाल सक्त बंद: कोपर बाजूला उचलणं. टेबलावरचा चहाचा कप घ्यायला आपण नकळत कोपर पंखासारखं उघडतो. तेवढ्यानं कोपराखालच्या हाताचं सगळं वजन बाहेरच्या ताज्या शिवणीवर येतं. जिममध्ये जाणारी पोरं दोन आठवड्यांत "डंबेल कधी?" विचारतात. मी म्हणते, आधी कप.

यातलं सगळ्यात अवघड पेशंटला समजावणं नाही, पेशंटच्या घरच्यांना थांबवणं आहे. हाडवैद्याकडची मालिश. गरम तेल लावून, रेटून कोपर सरळ करणं. वडीलधाऱ्यांना यात माया दिसते, आणि मला त्यांच्याशी भांडायला आवडत नाही, पण यावर मी भांडते. मार लागलेल्या कोपराभोवतीच्या स्नायूत रक्त साकळलेलं असतं. त्याला चोळलं, जबरदस्तीनं ताणलं, तर त्या स्नायूत नवं हाड तयार होऊ शकतं. अगदी खरं, एक्स-रेत दिसणारं हाड, जिथे ते कधीच नसायला हवं. एकदा ते पिकलं की हात एका कोनात कुलूपबंद होतो आणि मग ते काढायला वेगळं ऑपरेशन. हे टाळायला काही सर्जन थोडे दिवस इंडोमेथासिन ही गोळी देतात. मी फिजिओ असूनही सांगते: कुणी फिजिओ जोर लावून, तुम्हाला रडवून कोपर सरळ करत असेल तर तिथूनही उठा.

दुसरं नुकसान उशिराचं. तीन आठवडे निखळलेलं राहिलेलं कोपर साध्या ओढण्यानं सहसा बसत नाही. भोवती सगळं आकसून चिकटलेलं असतं. आधी गावात बांधून घेतलं, मग तालुक्याला दाखवलं आणि मग नागपूर, यात हे आठवडे सहज जातात. कोपर निखळलंय अशी शंका आली आणि करंगळीत मुंग्या येत असतील, हात थंड पडत असेल किंवा बोटं नीट हलत नसतील, तर तासांचा हिशोब करायचा, दिवसांचा नाही. पैशांची अडचण असेल तर मेडिकल, मेयो किंवा मिहानमधलं एम्स आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतं का, ते भरती होतानाच विचारावं, डिस्चार्जच्या दिवशी नाही.

सर्जनशी बोलताना विचारण्यासारखं थोडंच आहे. चकती ठेवणार, बदलणार की काढणार? काढणार म्हणाले, तर लिगामेंटचं काय ते विचारा. हात कधीपासून हलवायचा आणि कोणती हालचाल बंद? यावर 'बघू' असं उत्तर आलं, तर दुसरं मत घ्यायला हरकत नाही.

अजून सगळं ठरलंय असंही नाही. कॅनडाच्या पद्धतीत कोरोनॉइड नेहमी बसवायचा होता. आता काही सर्जन म्हणतात की नुसतं टोक तुटलं असेल, आणि चकती व लिगामेंट केल्यावर सी-आर्मवर कोपर घट्ट असेल, तर त्या टोकाला हात लावायची गरज नाही. तसे निकालही चांगले आलेत. काही निवडक पेशंटमध्ये, सांधा बसवल्यावर नीट जागेवर राहत असेल आणि तळहात फिरताना कुठे अडत नसेल, तर टेरिबल ट्रायडही ऑपरेशनशिवाय सांभाळतात, फक्त दर आठवड्याला एक्स-रे काढून नजर ठेवावी लागते. बाहेरचा फिक्सेटर बऱ्याच ठिकाणी मागे पडतोय, कारण तशीच बिजागरी आता कातडीखाली बसवता येते आणि काही आठवड्यांनी काढता येते. आणि धातूची चकती? ती दोन-अडीच मिलिमीटर जरी लांब बसली तरी समोरच्या ह्यूमरसवर जास्त दाब येतो आणि तिथली कूर्चा, म्हणजे हाडाच्या टोकावरचं गुळगुळीत अस्तर, झिजायला लागते. तिच्या हाडात बसणाऱ्या दांड्याभोवती एक्स-रेत काळी रेघ, म्हणजे पकड सैल झाल्याची खूण, पुष्कळदा दिसते, पेशंटला मात्र काही दुखत नसतं. पंचविशीतल्या मुलाला ती बसवताना सर्जन आज जास्त विचार करतात, आणि साठीतल्या माणसाला कमी.